कझमारेकचा गुडघा

शनिवारी पिट्सबर्गच्या घरी डॅडनी जेवणाच्या टेबलावर लहानपणी जमवलेली, फुटबॉल खेळाडूंच्या फोटोंची जुनी कार्डं नेहमीप्रमाणे मांडली होती. "हा कझमारेक. गुडघा फुटला, तरी हटला नाही पठ्ठ्या."

"डॅड, सूप गार होतंय," मार्सी कार्डाकडे न बघताच म्हणाली.

रविवारी ते झोपेतच गेले.

महिन्याभराने कार्डं विकत घ्यायला आलेल्या दुकानदाराने कझमारेकचं कार्ड बघून कपाळाला हात लावला. "खेळाडूने संघ बदलला की पोरं कार्डावर पेनाने नवा संघ लिहायची. माती केली कार्डाची. काळजी नको बाई, मी शाई पुसून घेईन."

मार्सीने त्याच्या हातातून कार्ड हिसकावलं. "माझ्या वडिलांचं लहानपणचं अक्षर आहे ते. पुसणारे तुम्ही कोण? निघा."

तो गेल्यावर ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "डॅड, मी दरवेळी ऐकत होते. डावा गुडघा होता त्याचा."