लखलखीत डॉलर

अकरा वर्षं मोहन स्टुटगार्टच्या नाणेसंग्राहक मंडळात मागच्या खुर्चीवर बसत आला होता. यंदा कुठे त्याचं नशीब उघडलं. शनिवारच्या प्रदर्शनात एक काचपेटी त्याच्या नावाची होती आणि तिच्यात बसणार होता १८७२ सालचा अमेरिकन चांदीचा डॉलर. दीडशे वर्षांत त्यावर निळी-काळी झाक चढली होती आणि सारी किंमत त्या झाकेचीच होती. घासलेलं नाणं म्हणजे संग्राहकांच्या लेखी मेलेलं नाणं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तो ऑफिसातून आला, तर डॉलर पूजेच्या ताटात, नव्या वाटीसारखा लखलखीत!

"आई, हे कुणी केलं?"

"मीच रे," साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आलेल्या सरिताबाई कौतुकाने म्हणाल्या. "ड्रॉवरमध्ये काळं पडलं होतं बिचारं. वर बाई बसलेली दिसली, म्हटलं लक्ष्मीच की. दातांच्या पावडरीने तासभर घासलं बघ."

"वाटोळं केलंस! अक्कल गहाण ठेवलीस का?"

सणासुदीला, आईला, असं बोलला तो. सरिताबाईंचा कुंकवाचा हात तसाच राहिला.

मग तो आठ वर्षांच्या ध्रुववर जर्मनमध्ये उलटला. पोरगा दर महिन्याला त्याच्याबरोबर मंडळात जायचा, नाणं घासायचं नाही हा नियम त्याला तोंडपाठ होता. "तू घरात होतास ना?"

"इश हाब्स ईअर गेझाग्ट! ड्रायमाल!" ध्रुव रडकुंडीला आला. सांगितलं होतं त्याने आजीला. तीनदा सांगितलं होतं.

"हो, सोफ्यावरून म्हणत होता खरा काहीतरी," सरिताबाई म्हणाल्या. "मला वाटलं, छान झालं म्हणतोय. म्हणून आणखी घासलं."

वीणाने समई लावता लावता नवऱ्याकडे एकदाच पाहिलं. घरात फक्त जर्मन बोलायचं, नाहीतर पोरगा शाळेत मागे पडेल, हे फर्मान मोहनचंच. वीणा तेव्हा भांडली होती. "इथे मराठी काय चुलीत घालायचीय?" असं तो म्हणाला होता.

शनिवारी मंडळाच्या अध्यक्षांनी नाणं भिंगाखाली धरलं, "शाडं," म्हणजे वाईट झालं, एवढंच म्हणाले, आणि काचपेटीवरची मोहनच्या नावाची चिठ्ठी काढून घेतली.

सरिताबाई मात्र नातवाकडून 'नको'साठीचा एक जर्मन शब्द शिकल्या. आता मुलाच्या घरात पाण्याचा पेला उचलायचा झाला तरी त्या आधी ध्रुवकडे बघतात आणि हळूच विचारतात, "नाइन?"