रुपेरी बटणं

आप्पासोंची सांगलीत पंप आणि पाइपांची एजन्सी होती, पण त्यांचा जीव होता देखण्या वस्तूंत. घड्याळ, चपला, गाडीच्या सीटचं कापड, सगळं निवडून घेतलेलं. नव्व्याण्णव साली त्यांचा मुलगा निमिष सिंगापूरहून सुट्टीला आला आणि त्यांच्यासाठी मोबाइल घेऊन आला. गावात तोवर ज्यांच्याकडे मोबाइल होते, त्यांचे विटेएवढे, काळेकभिन्न. हा मात्र पानाच्या डबीसारखा, झाकणाचा. आतली सगळी बटणं एकाच रुपेरी रंगाची आणि तुरीच्या डाळीएवढी. लग्नाच्या मांडवात आप्पासो तो खिशातून काढून नुसते हातात धरून बसत. माणसं वळून बघत.

वापरणं मात्र त्यांना जमलं नाही. बोटं जाड, नजर अधू. एक बटण दाबायला जावं तर दोन दाबली जात. शेवटी फोन ड्रायव्हर अर्जुनाकडे आला. अर्जुना आटपाडीकडचा. बाप मेंढरं राखायचा, हा शाळा सोडून गाडीवर आला होता. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं, पण कुठल्या बटणानंतर कुठलं, हे त्यानं चार दिवसांत हातात बसवलं. खिशात झाकण निसटून बटणं आपोआप दाबली जातात म्हणून कुलूप घालायचं असतं, तेही त्यानंच शोधलं.

"सायेब, दोन बटणांचं काम हाय. एकदा शिकून घ्या की."

"तू आहेस ना," आप्पासो म्हणायचे. अर्जुनानं नंबर लावून द्यायचा आणि त्यांनी ऐटीत कानाला लावायचा, असं ठरून गेलं.

मे महिन्यात कोयनानगरच्या वसाहतीत पंपांचं काम होतं. ते उरकून दुपारी दोघे परत निघाले. कराड आठ-दहा किलोमीटरवर राहिलं होतं. समोरून आलेल्या ट्रकला चुकवताना गाडी मोरीचा कठडा फोडून खाली ओढ्यात गेली. ट्रक थांबला नाही.

आप्पासो भानावर आले तेव्हा गाडी एका कुशीवर होती. चष्मा कुठंतरी उडालेला. ते सरपटत बाहेर पडले, पण उजवा पाय घोट्यातून मोडला होता. अर्जुना स्टिअरिंग आणि दारामध्ये अडकला होता. मांडीतून रक्त वाहत होतं. आप्पासोंनी दार ओढून पाहिलं. ते हललं नाही.

"सायेब, फोन लावा," अर्जुना म्हणाला. आवाज शांत होता. "रेंज असंल हितं. मगाशी दोन काड्या व्हत्या."

आप्पासोंनी झाकण उघडलं. बिनचष्म्याच्या नजरेला बटणं म्हणजे नुसता पांढरट पट्टा. त्यांनी दाबलं, फोननं टुक् आवाज केला आणि पडद्यावर काहीतरी आलं. ते वाचता येईना.

"कुलूप काढा आधी. वरचं डावं दाबा, मग खालचं..." अर्जुना थांबला, श्वास घेतला. "खालचं, डाव्या अंगाचं."

आप्पासोंनी दाबलं. टुक्. पुन्हा दाबलं. हात रक्तानं आणि घामानं निसरडा झाला होता.

"द्या माज्याकडं," अर्जुना म्हणाला, पण त्याचे दोन्ही हात पत्र्याखाली होते.

उन्हात दिसत नाही म्हणून आप्पासो फोन घेऊन मोरीच्या सावलीत सरकले. वरून एक मोटारसायकल गेली. त्यांनी हाक मारली, ती इंजिनाच्या आवाजात विरली. आणि मग हातातला फोन वाजू लागला. बारीक, गोड, देवघरातल्या घंटीसारखा. घ्यायचं बटण कुठलं, तोडायचं कुठलं? रंग एकच. त्यांनी अंगठा दाबला. फोन गप्प झाला. "हॅलो, हॅलो," म्हणत त्यांनी किती वेळ तो कानाशी धरला. पलीकडे कुणी नव्हतं.

मग ते पुन्हा बटणं दाबत बसले. मागून अर्जुना मधूनमधून काहीतरी सांगत होता, नंतर सांगेनासा झाला.

अखेर फोन खिशात टाकून ते कोपरांवर चढ चढून रस्त्यावर आले, तेव्हा पाऊण तास गेला होता. पाटणकडून आलेली, प्रवाशांनी भरलेली वडापची जीप थांबली. लोकांनी पहारीनं दार उचकटलं. कराडच्या वेशीवर येईपर्यंत अर्जुना संपला होता.

"अर्धा तास आधी आणलं असतं तर..." डॉक्टर म्हणाले.

"रेंज नव्हती," आप्पासो म्हणाले. पोलिसांना तेच सांगितलं. अर्जुनाच्या माणसांनाही तेच.

दोन दिवसांनी सून मयूरी चहा घेऊन खोलीत आली. कप ठेवून तिथंच उभी राहिली.

"आप्पा, त्या दिवशी तीन वाजता मी फोन केला होता. रिंग गेली. तुम्ही कट केलात."

आप्पासोंनी चहाचा कप बाजूला सारला. ती बाहेर गेली. त्यानंतर घरात हा विषय कुणी काढला नाही. आप्पासोंना जेवण जाईना.

अर्जुनाचे दिवस झाल्यावर आठवड्यानं ते पायाला प्लास्टर घेऊन भाड्याच्या गाडीनं आटपाडीकडे गेले. अर्जुनाची बायको अंबूबाई अंगणात बाभळीच्या शेंगा निवडत होती. तिनं पोतं अंथरून दिलं, पाण्याचा तांब्या पुढं ठेवला.

"अंबूबाई, मी खोटं बोललो," आप्पासो म्हणाले. "रेंज होती. मला फोन लावता आला नाही."

तिनं हातातली शेंग मोडली, बी बाजूला टाकलं.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "त्यांनीच सांगितलं व्हतं. सायबास्नी फोन लावता येत न्हाई, पर चारचौघांत बोलू नगंस, लाजत्यात, म्हनलं व्हतं. म्हणून मातीच्या टायमाला गप ऱ्हायले."

दाव्याची शेळी ओरडली, अंबूबाईनं तिच्यापुढं मूठभर शेंगा टाकल्या.

"येक इचारू?"

"विचार."

"शेवटाला त्यांच्याजवळ बसला व्हता का तुमी? हात-बीत धरला व्हता?"

हो म्हणणं सोपं होतं. तिलाही बहुतेक तेच हवं होतं.

"नाही," आप्पासो म्हणाले. "मी लांब सावलीला होतो. फोन बघत होतो."

अंबूबाई पदरातल्या शेंगा सुपात ओतून उठली, आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. आप्पासो पोत्यावर बसून राहिले. त्यांना एकट्यानं उठता येत नव्हतं, आणि गाडी बरीच लांब उभी होती.