चार नंबरचा तुकडा

किदानाच्या फळीवर सुऱ्यांच्या मुठींसाठी कापलेले मॅमथच्या सुळ्याचे सात तुकडे असायला हवे होते. मोजले तेव्हा सहा भरले. एक, दोन, तीन, पाच, सहा, सात. चारच्या जागी धुळीत एक लांबट स्वच्छ खूण उरली होती. शेजारी तराजू, वही आणि पेन्सिल जिथल्या तिथे.

दर महिन्याच्या एक तारखेला ती प्रत्येक तुकडा तोलत असे; आजही त्यासाठीच आली होती. हजारो वर्षं गोठलेल्या मातीत पडलेला सुळा आतून ओला असतो आणि घाईने वाळवला तर फुटतो. तीन महिने वजन जसंच्या तसं राहिलं की तो वाळला, हा बाबांचा नियम. पाच नंबर दोन महिने दोनशे शहाऐंशीवर थांबला होता. चार नंबर मात्र गेल्याच महिन्यात तीन ग्रॅम उतरला होता.

ती तशीच भट्टीपाशी गेली. बोलोत, तिचा थोरला भाऊ, सुरी फडक्याने पुसत होता. मूठ निळसर झाक असलेली, चार नंबरची. पातं बाबांनी घडवलेलं, शेवटचं. दोन पोलादं घड्या घालून ठोकलेली, अंगावर लाटांची नक्षी. गेल्या वसंतात बाबा गेले तेव्हा ते बिनमुठीचंच राहिलं होतं. आणि ते होतं घोडे राखणाऱ्या द्योगूरकाकाचं. नदीच्या ढासळलेल्या काठात हा सुळा त्यानेच शोधला, घोड्यावर लादून आणला, आणि बदल्यात एक सुरी मागितली. बाबांनी त्याला शब्द दिला होता.

बोलोत म्हणाला, शनिवारी शहरातून प्रदर्शनाचा साहेब येतोय, ही त्याला भेट दिली की याकूत्स्कच्या प्रदर्शनात आपली जागा पक्की. काकाला दुसरी करून देऊ. तुकडा चार दिवस चुलीमागे ठेवला होता, चांगला खडखडीत वाळलाय. आणि सातांत सुंदर हाच होता.

किदानाचे कान तापले. तिने वही त्याच्या समोर आपटली आणि तीन ग्रॅमवर बोट ठेवलं.

"तीन ग्रॅमसाठी एवढा थयथयाट?" तो हसला. "बाहेर जाऊन आलीस की तेवढा बर्फ तुझ्या भुवयांवर असतो."

"मग तू जा बाहेर. ही कमरेला लाव, तासभर फिर आणि परत ये. आत पाणी उरलं असेल तर थंडीत मूठ फुटेलच."

तो सुरी पुसत राहिला. "साहेब काय घोडे राखणार आहे? भिंतीवर लावेल तो."

"दादा, बाबांनी भिंतीसाठी एक तरी पातं ठोकलं का रे? काका या सुरीने गोठलेला मासा तासणार होता, उणे पन्नासात. तुझी सुरी दाराबाहेर न्यायची तुलाच भीती वाटते."

बोलोतने दाराकडे पाहिलं आणि सुरी जवळ ओढली. ते तिला जास्त झोंबलं. म्हणजे याला ठाऊक होतं. ठाऊक असून याने मूठ ठोकली, मेण लावलं, चकाकी आणली.

तिने त्याच्या हातातून सुरी घेतली. त्याने सोडली. पडवीत उणे सत्तेचाळीस होतं. गोठलेल्या माशांच्या शेजारच्या खिळ्याला तिने ती टांगली, घड्याळ पाहिलं आणि आत येऊन त्याच्यासमोर बसली. भरदुपारी दोघं चुलीजवळ एकमेकांचं तोंड न बघता बसून राहिली. एकदाच तो पुटपुटला की हट्टीपणात तू अगदी बाबांवर गेलीस. ती म्हणाली, कोणीतरी जायलाच हवं होतं.

तासाने सुरी आत आणून तिने मेजावर ठेवली. मुठीवर दव धरलं, मग सुकलं. थोड्या वेळाने बारीक टिक् असा आवाज आला. दोघांनीही ऐकला. अंगठा टेकतो बरोबर तिथे, पात्यापासून मागे तडा गेला होता. तिने मोजपट्टी लावली. अडतीस मिलिमीटर.

"ही सुरी काकाला मिळाली असती, तर हा तडा त्याच्या हातात गेला असता," ती म्हणाली. आवाज चढवायची तिला आता गरज नव्हती.

बोलोतने सुरी मेजावरच्या पकडीत आवळली. तड्यात छिन्नी बसवून दोन घावांत मूठ फोडली. पातं सोडवलं, पुसलं आणि साहेबासाठी आणलेल्या मखमली डबीत न ठेवता तिच्यापुढे ठेवलं.

"काकासाठी कुठला?" त्याने खालमानेने विचारलं.

तिने फळीवरून पाच नंबर उचलून तराजूत ठेवला. काटा स्थिर होईपर्यंत दोघंही हलली नाहीत. मग तिने वहीत लिहिलं: दोनशे शहाऐंशी ग्रॅम.