न्हाणीतलं जित्राब

मी वजरी बोलतेय. टाचा घासायची वजरी. निदान इस्लामपूरजवळच्या या घरात मला सगळे याच नावानं ओळखतात. परवापर्यंत न्हाणीच्या कोनाड्यात, रिठ्याच्या वाटीशेजारी माझी जागा होती. पण मी वजरी म्हणून जन्मले नाही.

माझा जन्म अंदमानच्या समुद्रातला. मी पोवळं. खरं तर 'मी' म्हणजे एकटी नव्हेच. मोहरीएवढे असंख्य जीव एकमेकांना बिलगून राहायचे आणि आपल्या अंगातूनच दगडासारखं घर बांधायचे. ते जीव आणि ते घर मिळून मी. आमच्या कातडीत डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहायचं. आम्ही त्याला आसरा द्यायचो, ते उन्हावर आमच्यासाठी अन्न तयार करायचं. माझा तपकिरी-हिरवा रंग त्याचाच. माझ्या फटींत बोटभर निळे मासे लपायचे. मोठा मासा निघून गेला की आधी एकजण डोकावून बघायचा, मग बाकीचे.

उन्हाळे मी पुष्कळ पाहिले. पाणी तापायचं आणि पाऊस लागला की निवायचं. पण अलीकडे ते लवकर तापू लागलं आणि उशिरा निवू लागलं. का, ते मला कळत नव्हतं. एका वर्षी तर इतकं तापलं की माझ्यातलं शेवाळ निघून गेलं. मी पांढरी पडले. शेजारणीही पडल्या. मासे दिसेनासे झाले. आम्ही उपाशी होतो, पण जिवंत होतो. पाणी निवलं की शेवाळ परत येईल, या आशेवर दम धरून होतो.

नेमके त्याच दिवसांत नाथाजी आले. फौजेतले शिपाई, नेमणूक अंदमानला. दुसऱ्या दिवशी रजेवर घरी निघायचे होते. ओहोटीच्या गुडघाभर पाण्यात उभे राहून ते सोबत्याला म्हणाले, "गड्या, मेलेली पोवळी बघ. कशी पांढरीशिप्पट! जित्ती असती तर हात लावला नसता."

आणि त्यांनी मला पहारीनं उचकटलं. मला ओरडता येत नाही.

घरी मला बघून त्यांच्या बायकोचा, शालूबाईंचा चेहराच उतरला. "आवं, पोवळं आणतो म्हणाला हुता न्हवं?"

"ह्येच की पोवळं."

"पोवळं तांबडं असतंय! मी अंगठी कराय निघाले, आन् तुमी चुन्याचं ढेकूळ आणलं."

"आगं, आमचा साहेब म्हणत हुता, ह्येच पोवळं."

"मग साहेबाच्या बायकूच्या बोटात घाला जावा!"

नाथाजींच्या आई, बनुबाई, खो खो हसल्या. त्यांनी मला उलटंपालटं केलं, माझ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "वाया कशापायी घालवायचं? वजरी झ्याक हुईल."

आणि मी वजरी झाले. टाचा घासता घासता माणसं मनातलं बरंच बोलतात. बनुबाई तर जावेच्या सगळ्या तक्रारी मलाच सांगायच्या. लग्नाला जायचं असलं की जास्त जोरात घासायच्या. माझी टोकं झिजली. ज्या खळग्यांत माझे जीव राहायचे, त्यांत उसाच्या रानातली काळी माती जाऊन बसली.

पुढच्या रजेला नाथाजी आले. पाय धुवायला न्हाणीत शिरले, तर बनुबाई मला घेऊन बसलेल्या. ते दारातच थबकले.

"आई, थांब. ती वजरी न्हाई. जित्राब हाय."

इकडे जित्राब म्हणजे गाय, बैल, म्हैस. बनुबाईंना हसू आवरेना. "जित्राब? मग वैरण टाक की त्येच्याम्होरं!"

नाथाजी हसले नाहीत. उंबऱ्यावर बसत म्हणाले, "गेल्या खेपंला मी परत गेलो, तवा पाणी निवलं हुतं. हिच्या शेजारची पोवळी रंगावर आली हुती. समदी न्हाई, पर बरीच. मासंबी फिरून आलं हुतं. ही हुती तिथं नुसता खड्डा. आई, मी काढली तवा ही मेली नव्हती. आजारी हुती."

बनुबाईंचा हात थांबला.

"बहात्तरच्या दुष्काळात आपली चंद्री गाय आठवती का रं? नुसती हाडं ऱ्हायली हुती. उठंना. लोक म्हणायची, मेल्यात जमा हाय, दिऊन टाक. मी दिली व्हय? पाऊस पडला, हिरवं पोटात गेलं, आन् उठली." त्यांचा आवाज खाली आला. "कुणाला तरी इचारायचं हुतंस, बाबा."

"कुणाला इचारू, आई? समद्राला?"

बनुबाई उठल्या, तांब्याचं घंगाळ घासलं, विहिरीच्या पाण्यानं भरलं. त्यात मूठभर मीठ टाकून ढवळलं आणि बोट बुडवून चाखलं. "एवढं खारट असतंय का रं?"

नाथाजींनी होकारार्थी मान डोलावली. बनुबाईंनी मला अलगद पाण्यात सोडलं आणि घंगाळ गोठ्याच्या सावलीत, पूर्वी चंद्रीची दावण होती तिथं सरकवून ठेवलं. शालूबाईंनी थट्टा केली नाही.

आता मी तिथं आहे. पाणी गार आहे, सावली आहे. तेव्हा मला हवं होतं ते सगळं आहे. पण माझ्यातले जीव कधीच गेले. हे बनुबाईंना सांगायला मला तोंड नाही, आणि असतं तरी सांगवलं नसतं.

चंद्रीला गोठ्याची सावली तरी होती. समुद्रच तापला तर त्याला सावली कोण करणार? माझ्या शेजारणी येत्या उन्हाळ्यात पुन्हा पांढऱ्या पडतील. दर खेपेला उठण्याइतकं बळ त्यांच्यात राहील का, मला ठाऊक नाही. तुम्ही कधी त्या किनाऱ्याला गेलात आणि त्या तशा दिसल्या, तर मेल्या म्हणू नका. पाणी निवेपर्यंत थांबा. आणि ते का तापतंय, हे कुणाला तरी विचारा.

बनुबाई रोज सकाळी घंगाळात डोकावतात. रंग आला का बघतात. आज त्यांनी पाणी बदललं. कालच्याला मीठ जरा कमी पडलं असेल, म्हणाल्या.