अंगठ्याखालचा 'टिक्'

माघातल्या कलत्या उन्हासारखा एक बारीक, स्वच्छ 'टिक्' माझ्या दादाच्या अंगठ्याखाली राहत असे. अंबरनाथ पूर्वेच्या त्याच्या घरी, खिडकीजवळच्या टेबलावर, जुन्या कॉम्प्युटर-खेळांच्या जॉयस्टिक आजाऱ्यांसारख्या पडून असत. त्यांच्या झिजलेल्या लाल बटणांत कुणाकुणाचं बालपण अडकलेलं असे. दादा बटण दाबायचा, मान किंचित तिरपी करायचा आणि डोळे मिटायचा. आधी अंगठा, मग वीज वाहिली की वाजणारा मीटर, हा त्याचा कारखान्यातल्या नोकरीपासूनचा नेम. गेलेलं बटण तो तापल्या सळईनं जोडाचा डाख वितळवून काढी, नवं बसवी, आणि धुराची रेघ उन्हात सावकाश विरून जाई.

यंदा साखरेच्या दुखण्यानं त्याचं चालणं थांबत आलं होतं, चेहऱ्यावर संध्याकाळ लवकर उतरू लागली होती. हे टेबल तेवढं त्याला धरून होतं. त्या दिवशी त्यानं एक बटण बदललं. नवंही गेलेलं वाटलं, म्हणून काढलं. दुसरं लावलं, तेही काढलं.

"तू उल्हासनगरहून आणलेली बटणांची पुडीच खराब," तो थकून म्हणाला.

हिशेब जुळल्याशिवाय मला चैन पडत नाही. काढलेली नवी बटणं मी मीटरला लावून दाबली. मीटर वाजला, म्हणजे बटण चांगलं होतं. दुसऱ्यालाही वाजला.

दादानं बटण माझ्या हातून घेतलं, दाबलं, कानाशी नेऊन पुन्हा दाबलं. मग परक्याचा असावा तसा स्वतःचा अंगठा उजेडात धरून पाहत राहिला. त्यावर भाजल्याचा ताजा फोड होता.

"अहो, हे कधी भाजलं?" चहा घेऊन आलेल्या वहिनीनं विचारलं.

"मला कुठे कळलं!" तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून हसला. "उल्हासनगरला सगळं मिळतं ना रे? अंगठ्याचा डुप्लिकेट मिळतो का बघ."

"मिळेल. गॅरंटी नाही देणार."

वहिनी हसली नाही. तिनं फोडावर तूप लावलं. थंड लागतंय का, असं मात्र विचारलं नाही.

चहा संपल्यावर दादानं जॉयस्टिक माझ्याकडे सरकवली. "तू दाब. मी ऐकतो."

तेव्हापासून दर रविवारी बदलापूरच्या माझ्या घरून मी त्याच्याकडे जातो. मी दाबतो, तो डोळे मिटून ऐकतो. काळ माणसाला एकदम नेत नाही, एकेक स्पर्श सोडवून नेतो; आणि जे गेलं त्याची आठवण मग दुसऱ्याच्या बोटानं दाबून पाहावी लागते, अजून वाजते का म्हणून.