तिसरी काडेपेटी

इशिताने जेवणाच्या टेबलावर पाच काडेपेट्या तिरक्या रांगेत उभ्या केल्या, प्रत्येक पेटी आधीच्या पेटीपेक्षा जराशी मागे, आणि ट्रायपॉडचे पाय आवळले.

"गॅस पेटवायला एक तरी ठेव गं," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

भाईंदर पूर्वेच्या त्या गल्लीत समोरची बिल्डिंग इतकी जवळ होती, की हॉलमध्ये धड उजेड यायचा तो दुपारी तासभरच. तेवढ्यात जुना सहा मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि परवाच घेतलेला बारा मेगापिक्सेलचा, दोन्ही तपासायचे होते. लेन्स तीच, अंतर तेच, फोकस दोन्ही वेळा मधल्या, तिसऱ्या पेटीवर. फरक नेमका किती पडतो, एवढंच तिला पाहायचं होतं.

तिने फोटो कॉम्प्युटरवर मोठे केले. नव्या कॅमेऱ्यात तिसरी पेटी लख्ख होती. जुन्यात ती धूसर होती. आपलंच काही चुकलं असेल म्हणून तिने पुन्हा फोटो काढला, मग आणखी एकदा. दर वेळी तिसरी पेटी धूसर आणि पहिली, सगळ्यांत जवळची, लख्ख.

जुना कॅमेरा रोखलेल्या जागेच्या अलीकडेच फोकस करत होता. ती एरवी फोटो काढायला जायची त्या मिठागरांच्या उन्हात हे कधी कळलं नव्हतं. तिथे लेन्सचं तोंड बारीक ठेवलं की जवळचं-लांबचं सगळंच स्पष्ट येतं. घरातल्या अपुऱ्या उजेडात मात्र कळलं असतं. पण घरातले फोटो तिने काढलेच नव्हते. ते बाबांनी काढले होते.

माउसवरचा तिचा हात थांबला. मग तिने अभिनवच्या साखरपुड्याचा फोल्डर उघडला.

अभिनव तिचा धाकटा भाऊ. गेल्या वर्षी घरातच झालेल्या त्याच्या साखरपुड्यात ती पाहुण्यांत गुंतलेली, म्हणून कॅमेरा बाबांच्या हाती दिला होता. फ्लॅश मारू नका, चेहरे पिठासारखे दिसतात, असंही तिनेच बजावलं होतं. फोटोंत एकही चेहरा धड आला नाही. व्याह्यांकडे सगळे मिळून ते पाहत असताना मामा म्हणाले, "भावजी, भूकंप झालावता काय?" सगळे हसले. बाबाही हसले. तिथेच विषय संपला असता. पण इशिता म्हणाली होती,

"बाबांचा हात थरथरतो आता. यापुढे त्यांच्याकडे कॅमेरा द्यायलाच नको."

बाबांनी, दत्तारामांनी, सगळी नोकरी ड्राफ्ट्समन म्हणून केली होती. ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ ओढताना ते श्वास रोखून धरत. त्या दिवसानंतर ते दाढीला सलूनमध्ये जाऊ लागले. चहा अर्धाच कप मागू लागले. डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलं, तरीही.

इशिताने नवरीचा फोटो मोठा केला. ओटीतल्या नारळाच्या शेंडीचा केसन्‌केस सुटा दिसत होता. मागचा चेहरा विरघळलेला. पुढच्या फोटोत पेढ्यांवरच्या केशराच्या काड्या स्वच्छ आणि अभिनवच्या सासूबाई धूसर. हात हलला असता तर नारळही हलला असता. औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत वजनकाटा तपासल्याशिवाय ती एकही आकडा मान्य करत नसे. बाबांच्या वेळी तिने फोटोतला नारळही नीट पाहिला नव्हता.

ते गॅलरीत पेपर वाचत बसले होते. ती दारात जाऊन उभी राहिली.

"बाबा, तो जुना कॅमेरा बिघडलेला होता. पहिल्यापासूनच."

"कुठला?"

"साखरपुड्यातला. तुमचा हात हलला नव्हता. मी उगाच सगळ्यांसमोर..."

दत्तारामांनी पेपरची घडी घातली. ती नीट बसली नाही, म्हणून उलगडून पुन्हा घातली.

"तुझ्या मामाला कळव," ते म्हणाले. "म्हणावं, भूकंप झाला नव्हता."

तिने ट्रायपॉडवरून नवा कॅमेरा काढून त्यांच्या गळ्यात अडकवला. ते नको नको म्हणत होते, पण हात कॅमेऱ्याखाली गेलेच. आईला तिने स्वयंपाकघराच्या दारात बोलावलं. अशा अवतारात कसला फोटो, म्हणत आईने पदराने तोंड पुसलं आणि केस मागे सारले. दत्तारामांनी कोपरं बरगड्यांना आवळली, श्वास रोखला आणि बटण दाबलं.

"बघ," म्हणून त्यांनी कॅमेरा पुढे केला.

इशिताने स्क्रीनवर फोटो मोठा केला. आईचा चेहरा धूसर होता. तिने फोटो खाली सरकवला; टेबलाची कड धूसर होती. वर सरकवला, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर धूसर होतं. जवळचं-लांबचं सगळंच एकाच दिशेला, सारखंच ओढलं गेलं होतं.

"कसा आलाय?"

तिने स्क्रीन बंद केला.

"याचाही फोकस बघायला लागेल, बाबा. नव्यातच गडबड दिसतेय."

दत्ताराम तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला.

"उर्मिला, तू तेवढी हलू नकोस," ते आईला म्हणाले.