ईश्वरीची वेणी

रोज सकाळी ईश्वरीची वेणी तिचा बाप भुजंगच घालायचा. त्याची बायको राजेश्री अंगणवाडीवर लवकर निघायची, आणि पप्पांच्या हातची वेणी शाळा सुटेपर्यंत सुटत नाही, असं लेकीचं ठाम मत होतं. मानवतच्या एका कापसाच्या जिनिंगवर वजनकाटा सांभाळणारा हा माणूस तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त मोबाईलवरची पैशांची रमी त्याला सोडत नव्हती.

तो खेळताना सापडला की घरात तेच व्हायचं. त्याची आई नर्मदाबाई नातीला समोर बसवायची, त्याचा हात तिच्या डोक्यावर ठेवायची आणि म्हणायची, घे पोरीची शपथ. तो घ्यायचा, रडायचा, चार दिवस नीट राहायचा. आपल्याकडं शपथ म्हणजे फुकटचं औषध. ते कुणाच्या डोक्यावर ठेवतोय, हे कोण बघतं?

मग श्रावणात ईश्वरीला डेंग्यू झाला. दवाखान्यात नर्मदाबाईच्या तोंडून निघून गेलं, "तू शपत मोडलीस, म्हनून लेकरू पडलंय." सात वर्षांची पोर जागी होती. ती बरी होऊन घरी आली. पण भुजंगनं कंगवा घेतला की दोन्ही हातांनी डोकं झाकू लागली. मग राजेश्रीच कशीबशी वेणी घालून पळायची.

तेव्हा भुजंग स्वतःहून उपचाराला तयार झाला. संभाजीनगरला बहिणीकडं राहून रोज डॉक्टरांकडं जायचा. हा शॉक नव्हे, डॉक्टरांनी समजावलं; डोक्याला बाहेरूनच चुंबकाची गुंडाळी लावायची, तिच्या ठोक्यांनी खेळाची ओढ कमी होऊ शकते. उपचार नवा आहे, सगळ्यांना गुण येतोच असं नाही, हेही सांगितलं. सुतारपक्ष्यानं टोचावं तसे ठोके पडायचे. भुजंग डोळे मिटून मनातल्या मनात लेकीची वेणी घालायचा. ती परत घालायला मिळावी, एवढंच त्याला हवं होतं.

हळूहळू गुण आला. मोबाईलसाठी हात खिशाकडं जाईनासा झाला. त्यानं फोनवर ईश्वरीला गंमत सांगितली, की डोक्यात बसलेली रमी ते मशीन टकटक करून बाहेर काढतं.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तो तेल, कंगवा आणि लाल रिबीन घेऊन बसला. ईश्वरी आली, पण समोर उभीच राहिली. दोन्ही हात डोक्यावर.

"आता न्हाई खेळत मी, बाळा. सुटलं."

तिला ते पटलं. तिनं मान डोलावली. हात मात्र काढले नाहीत.

"पप्पा, ते मशीन माझ्या डोक्याला बी लावा ना," ती म्हणाली. "तुमी ठिवलेल्या शपता निघून जातेल. मग घाला वेणी."

आतून राजेश्री आली, भुजंगच्या हातातला कंगवा घेतला आणि लेकीला आपल्यापुढं बसवलं. तिला अंगणवाडीला उशीर होत होता, पेड सैल पडत होते. शाळेत पोचेपर्यंत ही वेणी सुटणार, हे त्याला दिसत होतं.